नीरोनं फिडल कधी वाजवलंच नाही, पण हॉरर सिनेमातल्या ६६६ मागं त्याचंच नाव आहे

कुठंतरी पूर येतो, कुठंतरी आग लागते आणि नेमका त्याच वेळी एखादा नेता कार्यक्रमात टाळ्या वाजवताना दिसतो. पुढच्या तासाभरात मीम्स तयार होतात आणि त्यात एक नाव हमखास असतं, नीरो. रोम जळत होतं तेव्हा फिडल वाजवत बसलेला राजा. अग्रलेख लिहिणाऱ्या संपादकांपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडणाऱ्या काकांपर्यंत सगळ्यांना एवढा नीरो माहीत असतो.

आता दुसरी गोष्ट. १९७६ साली 'द ओमेन' नावाचा सिनेमा आला. एका अमेरिकन राजदूताच्या घरात वाढणारा डेमियन नावाचा गोंडस पोरगा आणि त्याच्या केसांखाली लपलेली ६६६ ची खूण. हा पोरगा म्हणजे अँटीख्राईस्ट. मराठीत त्याला ख्रिस्तविरोधक म्हणतात. जगाच्या शेवटाआधी तो येणार, लोकांना भुलवून सगळ्या जगावर राज्य करणार आणि शेवटी ख्रिस्ताकडून हरणार, अशी ही ख्रिस्ती परंपरेतली कल्पना. सिनेमा तुफान चालला आणि ६६६ हा आकडा कधी बायबल न उघडलेल्या लोकांनाही पाठ झाला.

फिडलवाला राजा आणि ६६६ वाला पोरगा, या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे. तो वयाच्या ३० व्या वर्षी मेला. त्याच्या मरणावर लोकांचा विश्वास बसला नाही आणि तिथून सगळी गडबड सुरू झाली.

नीरोचा जन्म १५ डिसेंबर ३७ चा, रोमच्या दक्षिणेला समुद्राकाठच्या अँटियममधला. आजचं अँझिओ. जन्माचं नाव लुसियस डोमिशियस अहेनोबार्बस. आई अ‍ॅग्रिपिना ही त्या वेळचा सम्राट कॅलिग्युला याची बहीण. म्हणजे घराणं वरचं, पण त्या घराण्यात जन्मणं हा फायदा कमी आणि धोका जास्त. पोरगं दोन वर्षांचं होत नाही तोवर मामानं आईला हद्दपार केलं. तीन वर्षांचं असताना बाप गेला. ते आत्याच्या घरी वाढलं आणि तिथं त्याला शिकवायला एक नाचणारा आणि एक न्हावी होता, असं चरित्रकार सुएटोनियस सांगतो.

४१ साली कॅलिग्युलाचा खून झाला आणि क्लॉडियस सम्राट झाला. अ‍ॅग्रिपिना परत आली. ४९ साली तिनं क्लॉडियसशीच लग्न केलं. तो तिचा सख्खा काका होता. असं लग्न रोमन कायद्यात बसत नव्हतं, मग कायदाच बदलला गेला. पुढच्या वर्षी क्लॉडियसनं तिच्या मुलाला दत्तक घेतलं आणि पोराचं नाव नीरो झालं. शिकवायला सेनेकासारखा तत्त्वज्ञ आला. क्लॉडियसचा स्वतःचा मुलगा ब्रिटानिकस होता, पण तो नीरोपेक्षा तीनेक वर्षांनी लहान. त्याची बहीण ऑक्टेव्हिया हिच्याशी नीरोचं लग्न लावून देण्यात आलं. ५४ च्या ऑक्टोबरमध्ये क्लॉडियस मेला. अळंबीतून विष दिल्याची चर्चा लगेच सुरू झाली आणि ती आजपर्यंत थांबलेली नाही.

नीरो गादीवर बसला तेव्हा त्याला सतरावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

सुरुवातीची पाच वर्षं कारभार चांगला चालला. पडद्यामागं सेनेका आणि अंगरक्षक दलाचा प्रमुख बुरस होता. एका मृत्युदंडाच्या हुकमावर सही करायची वेळ आली तेव्हा आपल्याला लिहिता येत नसतं तर बरं झालं असतं, असं हा तरुण राजा म्हणाल्याची आठवण सुएटोनियसनंच नोंदवलीय. पण त्याच काळात, ५५ साली, ब्रिटानिकस जेवता जेवता कोसळला आणि मेला. वय चौदाही नाही. विषप्रयोगाचा संशय नीरोवर आला आणि तो संशय चुकीचा असावा असं मानणारे फार कमी आहेत.

मग आईची पाळी आली. सुरुवातीच्या नाण्यांवर मायलेकांचे चेहरे समोरासमोर छापलेले आहेत, म्हणजे राज्य दोघांचं आहे असाच तिचा हिशेब होता. पोरगं मोठं झालं तसं त्याला ते जाचायला लागलं. ५९ साली नेपल्सजवळच्या बाये इथं त्यानं आईला सणाला बोलावलं, प्रेमानं निरोप दिला आणि समुद्रात मोडून पडेल अशा खास बांधलेल्या बोटीतून परत पाठवलं. बोट नीट मोडली नाही. आपल्याला वाचवतील म्हणून अ‍ॅग्रिपिनाच्या सोबतिणीनं मीच अ‍ॅग्रिपिना आहे असं ओरडून सांगितलं आणि खलाशांनी तिला वल्ह्यांनी ठेचून मारलं. खरी अ‍ॅग्रिपिना गप्प राहिली आणि जखमी खांद्यानं पोहत काठाला लागली. त्याच रात्री नीरोची माणसं तिच्या घरात शिरली आणि त्यांनी तिला संपवलं.

पुढं नीरोच्या दंतकथेत जे जे वाढत गेलं, त्यात आईला मारणारा राजा ही ओळख सगळ्यात आधी चिकटली. रोमच्या भिंतींवर तसं लिहिलं जाऊ लागलं. आणि हा माणूस असा की त्याला रंगमंचावर ज्या भूमिका करायला आवडायच्या, त्यात ग्रीक पुराणातला आईचा खून करणारा ओरेस्टिसही होता.

रंगमंच हा नीरोच्या आयुष्यातला दुसरा मोठा गुन्हा. निदान रोमच्या बड्या लोकांच्या दृष्टीनं. नट, गायक, रथ हाकणारे ही तिथं खालची माणसं, त्यांना नागरिकाचे पूर्ण हक्कही नसायचे. आणि सम्राट स्वतः सिथारा हे तंतुवाद्य घेऊन गात होता, ६४ साली तर नेपल्सला थेट लोकांसमोर गायला. सामान्य पब्लिकला हे आवडायचं, सिनेटमधल्या खानदानी मंडळींना शरमेनं मेल्यासारखं व्हायचं. नीरोचा इतिहास नंतर लिहिला तो याच खानदानी वर्तुळात वावरणाऱ्यांनी, हे लक्षात ठेवायला हवं. टॅसिटस आगीच्या वेळी जेमतेम आठेक वर्षांचा होता. सुएटोनियसचा जन्म नीरोच्या मरणाच्या आसपासचा. तिसरा कॅसियस डिओ तर सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरचा.

१८ जुलै ६४ ची रात्र. रथांच्या शर्यतीचं मैदान असलेल्या सर्कस मॅक्सिमसच्या कडेला दुकानांची रांग होती, तिथं आग लागली. वारा होता, गल्ल्या अरुंद होत्या, घरं एकमेकांना चिकटलेली. आग सहा दिवस चालली, विझली असं वाटेपर्यंत पुन्हा भडकली. शहराच्या १४ विभागांपैकी तीन पूर्ण बेचिराख झाले, सातांमध्ये पडझड झालेले सांगाडे उरले आणि फक्त चार वाचले.

नीरो तेव्हा रोममध्ये नव्हताच, अँटियममध्ये होता. तो परत आला, बेघर झालेल्यांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, तात्पुरते निवारे उभे केले, ओस्टिया बंदरातून धान्य आणलं आणि धान्याचा भाव उतरवला. हे सगळं लिहून ठेवणारा टॅसिटस नीरोचा चाहता नव्हता, उलट कडक टीकाकार होता. आगीनंतर रस्ते रुंद करायचे, घरांची उंची मर्यादित ठेवायची, दोन घरांना एकच भिंत ठेवायची नाही, खालचा भाग आगीला टिकणाऱ्या दगडाचा बांधायचा, असे नियमही आले. आजच्या कुठल्याही महापालिकेच्या फायर ऑडिटमध्ये शोभतील असे.

मग फिडल कुठून आलं? फिडल, म्हणजे आजच्या व्हायोलिनचं कुळ, तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. व्हायोलिन आलं ते सोळाव्या शतकात. पण आग चालू असताना राजानं आपल्या खासगी रंगमंचावर ट्रॉय नगरीच्या विनाशाचं गाणं म्हटलं, अशी अफवा पसरली होती. टॅसिटस ती अफवा म्हणूनच सांगतो, सुएटोनियस आणि डिओ मात्र खरंच घडल्यासारखी.

लोकांचा संशय मात्र गेला नाही. त्यात नीरोनं जळालेल्या जागेवर स्वतःसाठी सोनेरी महाल बांधायला घेतला, त्यात तळं खोदलं, दाराशी सुमारे ३० मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा उभारायचं काम झेनोडोरस या शिल्पकाराला दिलं. शहर राखेत आणि राजा महालात, म्हटल्यावर आग यानंच लावली असणार असं लोकांना वाटलं तर त्यांना दोष देता येत नाही.

आणि इथं त्यानं ते केलं, ज्यामुळं त्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकातून उठून सैतानाच्या यादीत गेलं. संशय दुसरीकडं वळवायला बळीचा बकरा हवा होता. रोममध्ये ख्रिस्ती नावाचा एक छोटा, नवा पंथ होता. गरीब, गुलाम, परदेशी अशी माणसं, ज्यांच्या बाजूनं कुणी बोलणार नाही. टॅसिटसच्या वर्णनानुसार त्यांना पकडलं गेलं, जनावरांची कातडी गुंडाळून कुत्र्यांपुढं टाकलं गेलं, क्रूसावर खिळलं गेलं आणि अंधार पडल्यावर नीरोच्या बागांमध्ये दिव्यांसारखं जाळलं गेलं. राजा रथ हाकणाऱ्याच्या वेशात गर्दीत फिरत होता. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल अजिबात माया नाही, तरीही हे पाहून लोकांना कणव आली असं तो लिहितो. पीटर आणि पॉल हे दोघे याच राजवटीत मारले गेले असं ख्रिस्ती परंपरा मानते. हा सगळा प्रसंग टॅसिटसनं सांगितला तसाच घडला का, यावर अलीकडचे काही इतिहासकार शंका घेतात. पण त्या पंथाच्या आठवणीत नीरो कायमचा बसला, याबद्दल शंका नाही.

पुढची चार वर्षं घसरगुंडीची होती. ६५ साली त्याच्याविरुद्धचा कट फुटला आणि जुना गुरू सेनेका याला शिरा कापून घ्याव्या लागल्या. पहिली बायको ऑक्टेव्हिया हिला त्यानं आधीच हद्दपार करून मारलं होतं. दुसरी, पोपिया, गरोदर असताना त्याच्या लाथेनं मेली असं म्हणतात. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला त्यानं पूर्वेच्या पार्थियन साम्राज्याशी समझोता केला. त्यांच्या राजाचा भाऊ टिरिडेटिस ६६ साली रोमला आला आणि नीरोच्या हातून आर्मेनियाचा मुकुट घालून गेला. पार्थियन लोक त्यामुळं नीरोला मानायचे. ही बारीकशी गोष्ट पुढं फार कामाला येणार आहे.

त्यानंतर राजा ग्रीसच्या दौऱ्यावर गेला. त्याच्यासाठी ऑलिम्पिकची तारीख पुढं ढकलली गेली. तो रथातून पडला, शर्यत पूर्ण केली नाही, तरी विजेता ठरला. १,८०८ मुकुट जिंकून परतला असं डिओ सांगतो. खूश होऊन त्यानं ग्रीसला करमाफी दिली. कोरिंथचा कालवा खोदायलाही त्यानं सुरुवात केली होती. तो कालवा पुरा झाला १८९३ साली.

६८ मध्ये गॉल आणि स्पेनमधून बंड झालं. अंगरक्षक फिरले, सिनेटनं त्याला देशाचा शत्रू ठरवलं. नीरो रात्री चेहरा झाकून घोड्यावरून पळाला आणि फाओन नावाच्या एका मुक्त केलेल्या गुलामाच्या शहराबाहेरच्या घरात लपला. घोडेस्वारांच्या टापा ऐकू आल्या तेव्हा त्यानं गळ्यात खंजीर खुपसला, तोही सेक्रेटरी एपाफ्रोडिटसची मदत घेऊन. जग केवढ्या कलावंताला मुकतंय याचं दुःख तो शेवटपर्यंत करत होता म्हणे. तारीख ९ जूनची धरतात.

अंत्यसंस्कार दोन दाया आणि एक जुनी प्रेयसी अशा तिघींनी उरकले. प्रेत पाहणारे अगदी मोजके लोक. आणि अफवेला एवढंच पुरतं.

काही वर्षं त्याच्या थडग्यावर कुणीतरी फुलं ठेवत होतं. त्याच्या नावानं हुकूम निघत होते, जणू तो जिवंत आहे आणि लवकरच परत येणार आहे. ६९ साली किथनॉस बेटावर एक माणूस उगवला. चेहरा नीरोसारखा, वाद्य वाजवता येत होतं. लोक जमले, सैन्यातून पळालेले सोबत आले. त्याला पकडून मारलं आणि त्याचं डोकं गावोगाव फिरवलं, खात्री पटावी म्हणून. ८० च्या सुमारास दुसरा तोतया आला, टेरेन्शियस मॅक्सिमस. तो पळून पार्थियाला गेला. नीरोच्या मरणानंतर २० वर्षांनी तिसरा आला आणि त्याला परत द्यायला पार्थियन लोक सहजासहजी तयार होईनात. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता, तेव्हाही असेच लोक मागं लागले होते. फरक एवढाच की भाऊ परत यावेत म्हणून लोक डोळे लावून बसले होते. नीरोच्या बाबतीत काहींना ती आशा होती आणि काहींचा थरकाप उडत होता.

थरकाप उडणाऱ्यांमध्ये ज्यू आणि ख्रिस्ती होते. नीरो मेला नाही, तो युफ्रेटिस नदीपलीकडं पळालाय आणि पूर्वेच्या फौजा घेऊन येणार, असं भविष्य सांगणारी काव्यं लिहिली गेली. त्यांत आईला मारणारा राजा ही खूण आहेच. आणखी एका जुन्या ग्रंथात बेलियार नावाचा दुष्टात्माच आईला मारणाऱ्या राजाचं रूप घेऊन खाली उतरतो.

याच हवेत बायबलमधलं शेवटचं पुस्तक लिहिलं गेलं, प्रकटीकरण. बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या शेवटाचं मानतात. त्यात समुद्रातून एक श्वापद वर येतं. सात डोकी, त्यातल्या एका डोक्याला प्राणघातक जखम झालेली आणि तरी ती बरी झालेली. सगळं जग त्याच्यामागं जातं. त्याचा आकडा दिलाय ६६६ आणि ज्याला अक्कल आहे त्यानं हिशेब करावा असं सुचवलंय.

हिशेब असा आहे. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकाची किंमत असते. नीरोचं ग्रीक वळणाचं नाव, नेरॉन कायसर, हिब्रू अक्षरांत लिहिलं की स्वर गळतात आणि सात अक्षरं उरतात. ५०, २००, ६, ५०, १००, ६० आणि २००. बेरीज ६६६. लॅटिन वळणानं नेरॉनऐवजी नेरो लिहिलं तर एक अक्षर, म्हणजे ५०, कमी होतं आणि येतात ६१६. गंमत म्हणजे प्रकटीकरणाच्या काही जुन्या प्रतींमध्ये खरोखरच ६१६ आहे. इजिप्तच्या ऑक्सिरिंकसमध्ये सापडलेल्या पपायरसच्या एका तुकड्यावर तो आकडा आजही वाचता येतो. दोन्ही आकडे एकाच नावात बसतात, म्हणून बहुतेक अभ्यासकांचं बोट नीरोकडं जातं.

एक गोष्ट इथं नेहमी सुटते. प्रकटीकरणात अँटीख्राईस्ट हा शब्द एकदाही येत नाही. तो येतो योहानाच्या पत्रांत, तिथं ना आकडा आहे ना श्वापद. पुढच्या पिढ्यांनी हे सगळं एकत्र कालवलं. तिसऱ्या शतकातल्या व्हिक्टोरिनसनं प्रकटीकरणावर टीका लिहिताना त्या जखमी डोक्याचा अर्थ नीरो असाच लावला. पाचव्या शतकात ऑगस्टिन लिहितो की नीरोच उठून अँटीख्राईस्ट होणार असं मानणारे लोक आहेत, आणि तो मेलाच नाही, कुठंतरी त्याच वयाचा लपून बसलाय असं मानणारेही आहेत. मरून साडेतीनशे वर्षं झाली होती. ऑगस्टिनला स्वतःला हे पटत नव्हतं.

दहाव्या शतकात अ‍ॅडसो नावाच्या फ्रेंच मठवासीनं अँटीख्राईस्टचं चक्क चरित्रच लिहिलं. कुठं जन्मणार, कसा वाढणार, किती वर्षं राज्य करणार, सगळं. त्यात नीरो मुख्य पात्र राहिला नाही, आधी येऊन गेलेला नमुना झाला. गोंडस बाळ, बडं घर, सत्तेकडं चढत जाणारी कमान हा सिनेमावाल्यांचा आवडता साचा अशा लिखाणातून येतो. चेहरा मात्र नीरोचा टिकून राहिला. १८७३ मध्ये फ्रेंच अभ्यासक अर्नेस्ट रेनाँ यानं नीरोच्या काळावर पुस्तक लिहिलं आणि नाव ठेवलं 'अँटीख्राईस्ट'. १८९५-९६ मध्ये पोलिश लेखक सिएनकीविच याची 'क्वो वादिस' कादंबरी आली, १९५१ मध्ये तिच्यावर हॉलिवूडनं भव्य सिनेमा काढला. त्यात पीटर उस्तिनोव्हनं रडका, लाडावलेला, वाईट कविता करणारा नीरो असा काही रंगवला की त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. आपल्या डोक्यातला नीरो बऱ्यापैकी तोच आहे. आणि १९९५ पासून अमेरिकेत धडाक्यात खपलेल्या 'लेफ्ट बिहाइंड' कादंबऱ्यांमधला अँटीख्राईस्ट निकोलाय कार्पेथिया डोक्यात शस्त्र घुसून मरतो आणि तिसऱ्या दिवशी उठून बसतो. जखमेनं मेला आणि परत आला, किथनॉस बेटावरच्या गर्दीनं ऐकलेली कथाही हीच होती.

रोममध्ये नीरोला पुरलं होतं ते पिंचियन टेकडीवर, त्याच्या बापाच्या घराण्याच्या थडग्यात. मध्ययुगात तिथल्या पायथ्याच्या एका अक्रोडाच्या झाडावर कावळ्यांच्या रूपात भुतं राहतात आणि ती नीरोच्या हाडांची राखण करतात, असं लोक मानायचे. १०९९ साली पोप पास्कल दुसरे यांनी ते झाड तोडून हाडं नदीत टाकायला लावली आणि त्या जागी प्रार्थनास्थळ उभं केलं, अशी आख्यायिका आहे. आज तिथं सांता मारिया देल पोपोलो हे चर्च आहे. पर्यटक तिथं कॅराव्हॅजिओची चित्रं पाहायला जातात. त्यातल्या एका चित्रात तीन मजूर घाम गाळत एका म्हाताऱ्याचा क्रूस उलटा उभा करतायत. तो म्हातारा म्हणजे पीटर.